कॅम्पा परत आला, आणि माळ्यावरचे पत्रे खाली उतरले

वाचक विचारतात

मार्च २०२३ मध्ये कॅम्पा कोला हे जुनं थंड पेय नव्या मालकाच्या, म्हणजे रिलायन्सच्या, नावाने पुन्हा दुकानांत दिसू लागलं. या वेळच्या पत्रांत मात्र पेयाबद्दल फारसं कोणी विचारलेलं नाही. विचारलंय ते त्याच्या जुन्या पाट्या, बाटल्या, कात्रणं आणि कॅसेटींबद्दल. पत्रं वेंगुर्ल्यापासून अलिबागपर्यंतची आहेत आणि बहुतेकांना मृगाआधी उत्तर हवंय. घाई रास्त आहे. पाऊस एकदा लागला की खाली सांगितलेली निम्मी कामं ऑक्टोबरपर्यंत विसरायची.

आमच्या जुन्या दुकानाच्या माळ्यावर कॅम्पा कोलाची दोन बाय तीन फुटांची पत्र्याची पाटी सापडली. कडांना गंज आहे, वर काळपट थर बसलाय. घरातले म्हणतात, चिंच-मीठ लावून सोडणाने घास, लखलखीत होईल. घासू का? नंतर ती पडवीत टांगायची आहे.
*वाचक, वेंगुर्ला*

चिंच नको, मीठ तर नकोच, आणि सोडण भांड्यांपुरतंच ठेवा. चिंचेतलं आम्ल इनॅमलची, म्हणजे पत्र्यावर भाजून बसवलेल्या काचेच्या थराची, चकाकी खातं. ती एकदा गेली की पृष्ठभाग खडबडीत होतो आणि पुढची धूळ दुप्पट धरतो. मीठ गंजाच्या खाचेत जाऊन बसतं, हवेतला दमटपणा ओढून घेतं, आणि वरून पाटी कोरडी दिसली तरी खाली गंज चालूच राहतो. संडास धुवायचं आम्ल वापरून पाटी ‘नवी’ करणारेही आहेत. ते लोखंड आणि इनॅमल दोन्ही खातं.

आधी पाटीची जात ओळखा. जाड पोलादी पत्र्यावर काचेची पूड साधारण ८०० अंशांच्या भट्टीत वितळवून बसवली की ती इनॅमलची पाटी. पातळ पत्र्यावर शाईने छापलं की ती छापील पाटी. कापसाची काडी नेलपॉलिश काढायच्या द्रावणात बुडवून मागच्या बाजूला किंवा कोपऱ्यात, कोणाला दिसणार नाही अशा जागी टेकवा. रंग काडीला लागला तर छापील, नाही लागला तर इनॅमल. छापील पाटी पाण्याने धुवायची नाही, साबण, रॉकेल, थिनर यातलंही काही लावायचं नाही. मऊ ब्रशने धूळ झटकायची, किंचित ओलसर सुती फडक्याने कोपऱ्यात तपासून मग पुसायचं, आणि थांबायचं.

इनॅमल असेल तर ५ लिटर कोमट पाण्यात भांडी घासायचा पातळ साबण चहाचा एक चमचा. पाटी जुन्या चादरीवर आडवी ठेवा आणि सुती फडक्याने वीतभर जागा धुऊन, पुसून, मग पुढची वीत घ्या. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते वापरू नका. शेवटचं पुसणं बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने, आणि जिथे टवका उडून लोखंड उघडं पडलंय तिथे चार-पाच वेळा, दर वेळी नवा कापूस घेऊन. खार तिथेच साठलेला असतो. पाटी पाण्यात भिजत घालू नका. उघडं लोखंड साध्या पाण्यात रात्रभर राहिलं तर सकाळी त्यावर नारिंगी पापुद्रा दिसेल. पुसून झाल्याबरोबर केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा मारा. कडक हवा किंवा वैशाखातलं ऊन नको, कारण लोखंड आणि काच तापल्यावर सारख्या मापाने फुगत नाहीत, आणि टवक्याच्या कडेला नवी भेग पडते.

गंजाची सुटी पूड बांबूच्या काडीने उकरा. तारेची घासणी किंवा पॉलिश पेपर फिरवला तर आजूबाजूच्या इनॅमलवर कायमचे चरे पडतात. उघड्या लोखंडावर टॅनिक आम्लाचा गंजरोधक बारीक ब्रशने लावा. तो निळसर काळा होतो. हिरड्याची शाई काळी होते त्यातलाच हा प्रकार, पण म्हणून घरी हिरड्याचा काढा करून लावू नका, त्यात बाकीचंही बरंच असतं. एक दिवस वाळू द्या. मग घासणारी पूड नसलेलं मोटारीचं मेण बोटभर घेऊन दोन्ही बाजूंना पातळ हात द्या, २० मिनिटांनी पुसा. वर्षातून दोनदा हा हात पुरे, एकदा पावसाआधी आणि एकदा दसऱ्याच्या सुमारास. खोबरेल चोळायची सवय आपल्याकडे जुनी आहे, पण ते खवट होतं, चिकट होतं आणि धूळ धरतं.

टांगताना समुद्राकडच्या भिंतीवर नको. नवं भोक पाडायचं नाही, ड्रिल लागताच इनॅमल फुटतं. आहेत त्याच चार भोकांतून स्क्रू घ्या. किनाऱ्यावर ३१६ जातीचं स्टेनलेस टिकतं, ३०४ वर ठिपके पडतात. पण स्टेनलेस असो की पितळ, तो स्क्रू पाटीच्या लोखंडाला थेट टेकू देऊ नका. दोन धातू आणि खारा ओलावा एकत्र आले की पाटीचं लोखंड आधी गळतं. भोकात नायलॉनची छोटी नळी, पुढेमागे फायबरचे वॉशर, आणि स्क्रू बोटाने घट्ट झाल्यावर फक्त पाव फेरा. पाटी आणि भिंत यांच्यात १०-१२ मिलिमीटर फट ठेवा. पाटी मागूनच जास्त गंजते आणि तिकडे कोणी पाहत नाही.

एका विक्रेत्याने ‘१९६५ सालची अस्सल कॅम्पा कोलाची पाटी’ म्हणून दाखवली आहे. किंमत ऐकून छाती दडपली. अस्सल कशी ओळखायची?
*वाचक, रत्नागिरी*

साल ऐकूनच हात मागे घ्या. प्युअर ड्रिंक्स ही कंपनी त्या काळी कोका-कोला भरून विकत होती. १९७७ मध्ये जनता सरकारच्या वेळी कोका-कोलाने भारत सोडला, आणि ती पोकळी भरायला प्युअर ड्रिंक्सचाच कॅम्पा कोला पुढे आला. त्याच सुमारास पार्लेचा थम्स अप आणि सरकारी ‘७७’ही आले. १९६५ ची कॅम्पा कोला पाटी म्हणजे लग्नाआधीचं बारसं.

आता पाटी खरी पण साल खोटं, की पाटीच नवी, हे पाहू. वजनकाटा सगळ्यांत कमी बोलतो आणि सगळ्यांत खरं बोलतो. दोन बाय तीन फुटांचा १.२ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा सव्वापाच किलोच्या आसपास भरतो, वर इनॅमलचं वजन वेगळं. त्याच मापाचा ०.३ मिलिमीटरचा छापील पत्रा सव्वा किलोच्या जरा वर. ‘इनॅमल’ म्हणून दिलेली पाटी एका बोटावर तोलली जात असेल तर विषय संपला. जुन्या छापील पाट्याही असतात, पण त्यांची किंमत इनॅमलची नसते.

मग टवके पाहा. इनॅमल शिंपल्यासारखं वाटोळं फुटतं. पांढऱ्याखाली गडद निळा-काळा थर दिसतो, कारण लोखंडाला धरून राहावा म्हणून पहिल्या थरात कोबाल्ट घालतात. त्याखाली लोखंड. पांढऱ्याखाली थेट चकचकीत पत्रा दिसला तर तो रंग आहे. अक्षरांच्या कडेवरून नख फिरवा. प्रत्येक रंग वेगळा भाजलेला असल्यामुळे तिथे बारीक उंचवटा लागतो. भिंग लावल्यावर एकसारखे रंगीत ठिपके दिसले तर एखाद्या फोटोवरून केलेली छपाई समजा.

खऱ्या गंजाला इतिहास असतो. खरा गंज भोकाभोवती आणि खालच्या कडेला जास्त, वरच्या कडेला कमी, कारण पाणी खाली उतरून तिथे थांबतं. आम्ल मारून आणलेला गंज सगळीकडे सारखा, आणि ओल्या कापसाला लगेच भगवा लागतो. पुढून पन्नास वर्षांची आणि मागून कालची, असंही सर्रास दिसतं, म्हणून पाटी उलटी करून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

शेवटी मजकूर वाचा. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर पाटी १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. ‘बॉम्बे’च्या जागी इंग्रजीत ‘मुंबई’ असेल तर बहुधा १९९५ नंतरची. रुपयाचं आडव्या दोन रेघांचं चिन्ह २०१० चं. हिरव्या ठिपक्याची शाकाहारी खूण, बारकोड, संकेतस्थळ, अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक यांपैकी काहीही ‘सत्तरच्या दशकातल्या’ पाटीवर दिसलं तर विक्रेत्याला चहा पाजा आणि घरी या.

कॅम्पाची ती बोटीवरची जाहिरात तारकर्लीला झाली, असं आमच्याकडे छातीठोकपणे सांगतात. खरं का? आणि वरळीचं कॅम्पा कोला कंपाउंड याच कंपनीचं ना?
*वाचक, मालवण*

पहिलं नाही, दुसरं हो. १९८० च्या दशकातली ती जाहिरात कैलाश सुरेंद्रनाथ यांनी अंदमानात चित्रित केली. त्यात सिनेमात येण्याआधीचा सलमान खान आहे. निळं पाणी आणि शिडाची बोट पाहून मालवणकराला मालवण आठवणारच, त्याला इलाज नाही. वरळीची जागा महापालिकेने प्युअर ड्रिंक्सला भाडेपट्ट्याने दिलेली होती. तिथे पुढे घरं उभी राहिली आणि जादा मजल्यांचा वाद २०१३-१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गाजला. त्यामुळे मधल्या काळात वाढलेल्या पुष्कळ मुंबईकरांना कॅम्पा हे पेयाचं नाव आहे हे ठाऊकच नव्हतं, इमारतीचं होतं.

ट्रंकेत व्हीएचएस कॅसेट आहे. दूरदर्शनवरचे कार्यक्रम आणि मधल्या जाहिराती टेप केलेल्या. खिडकीतून पाहिलं तर रिळाच्या कडेवर पांढरं दिसतं. व्हीसीआर मिळाला आहे, लावून बघू?
*वाचक, अलिबाग*

लावू नका. ते पांढरं म्हणजे बुरशी. ती यंत्राच्या फिरत्या डोक्याला लागते, तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते, आणि तुमच्या फितीवर चरा पडतो तो वेगळाच. कॅसेट फ्रिजमध्येही ठेवू नका. फ्रिजमधून काढल्यावर तिला दमट हवेत घाम येतो. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर (ओलावा शोषणारे दाणे) दोन-तीन आठवडे ठेवून बुरशी आधी सुकवायची. सुकलेली बुरशी पूड होऊन झडते, ओली फासली जाते. मग फीत साफ करून डिजिटल करणाऱ्या जाणकाराकडे द्या आणि देताना तीन गोष्टी कागदावर लिहून द्या. कॅसेट पॅल पद्धतीची आहे, म्हणजे सेकंदाला २५ चौकटी. चित्र ४:३ मापातच ठेवायचं, रुंद पडद्यासाठी ताणायचं नाही. आणि कार्यक्रमांमधल्या जाहिराती ‘नको असलेला भाग’ म्हणून कापायच्या नाहीत. तिसरी सूचना विनोदी वाटेल, पण सिनेमा ठेवून जाहिराती उडवून देणारे आहेत, आणि नेमका तोच भाग दुसरीकडे मिळत नाही.

मासिकांतल्या जुन्या जाहिरातींची कात्रणं प्लास्टिकच्या खिशांच्या फाइलीत लावली होती. दोन पावसाळ्यांत शाई प्लास्टिकला चिकटली. उरलेली लॅमिनेट करून घेऊ का?
*वाचक, देवगड*

लॅमिनेशन म्हणजे कागदाला उष्णतेने गोंदात पुरणं. तो परत सोडवता येत नाही, आणि कागदातलं आम्ल आत काम करत राहतंच, फक्त तुम्हाला हात घालता येत नाही. तुमची फाइल पीव्हीसीची होती. पीव्हीसीला मऊ ठेवणारं तेल शाई सैल करतं. खिसे पॉलिएस्टरचे घ्या. हातात घेतल्यावर ते कडक, स्वच्छ आणि बिनवासाचे असतात. नव्या रेनकोटसारखा वास आला की पीव्हीसी. सेलोटेपने काही जोडलेलं असेल तर ती ओढून काढू नका, तशीच राहू द्या.

आपल्याकडचा खरा शत्रू दमटपणा. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते, आणि आषाढ-श्रावणात किनाऱ्यावर ती ८५ च्या वर असते. म्हणून कात्रणांचीही सुक्या मासळीसारखी बेगमी करायची. जानेवारी-फेब्रुवारीतल्या कोरड्या दुपारी, नाही जमलं तर निदान मृगाआधीच्या कडक दिवशी, कागद सावलीत पंख्याखाली तासभर ठेवा. मग रबराची कड असलेल्या, घट्ट झाकणाच्या डब्यात आडवे ठेवा. डब्याच्या दर लिटर मापाला २० ग्रॅम सिलिका जेल, मलमलीच्या पिशवीत. रंग बदलणारे दाणे घ्या. नारिंगी हिरवे झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास ठेवून पुन्हा नारिंगी करा, गार होईपर्यंत झाकून ठेवा. पावसाळ्यात दर वेळी डबा उघडून बघायचा मोह आवरा, एका उघडण्यात आठवड्याचं काम पाण्यात जातं. त्यासाठीच एक स्वस्त आर्द्रतामापक आत ठेवा, काचेचं झाकण असेल तर बाहेरूनच दिसतो. डांबराच्या गोळ्या कागदाजवळ नकोत. कसर लागू नये म्हणून डबा घट्ट असणं पुरे.

जुन्या कॅम्पाच्या काचेच्या बाटल्या आहेत, अक्षरं काचेवरच छापलेली. आतून पांढरट झाल्यात. शिवाय चार गोटी सोड्याच्या बाटल्याही आहेत, त्यांत सोडा भरून द्यायचा विचार आहे.
*वाचक, दापोली*

ती अक्षरं भट्टीत भाजलेली असतात, त्यामुळे पाण्याने जात नाहीत, पण कॉस्टिक सोडा आणि आम्ल दोन्हींनी फिकी होतात. परत येणाऱ्या बाटल्या कारखान्यात दर खेपेला कॉस्टिकने धुतल्या जायच्या, म्हणून जास्त फेऱ्या मारलेली बाटली फिकट दिसते. ती खोटी नव्हे, कामाची. आतला पांढरेपणा क्षारांचा असेल तर एक कप कोमट पाण्यात चमचाभर सायट्रिक आम्ल, फनेलने आत ओता, बाहेर ओघळू देऊ नका. दोन तासांनी मूठभर कच्चे तांदूळ घालून गोल हलवा आणि धुवा. बाटली वाळल्यावर धूसर आणि ओली असताना स्वच्छ दिसत असेल तर काचच झिजली आहे. ती घरगुती उपायाने परत येत नाही.

गोटीच्या बाटल्या मात्र फक्त शोभेला ठेवा. हायरम कॉड याने १८७२ मध्ये पेटंट घेतलेली ही युक्ती. आतला दाबच गोटीला मानेतल्या रबरी कडीवर वर ढकलून धरतो. म्हणजे बाटली कायम दाबाखाली, आणि जुन्या काचेत केसाएवढी भेग डोळ्याला दिसत नाही. ती भरताना फुटते, नाहीतर गिऱ्हाइकाच्या हातात. सोडा द्यायचा तर नव्या बाटल्या घ्या.

नवा कॅम्पा प्यायलो. लहानपणची चव नाही. मसाला बदलला का?
*वाचक, गुहागर*

बाटली बदलली. काचेतून वायू जात नाही, प्लास्टिकमधून हळूहळू जातो, आणि १० रुपयांच्या छोट्या बाटलीतून मोठीपेक्षा लवकर, कारण पेयाच्या मानाने प्लास्टिक जास्त. त्यात ती दुकानाबाहेर उन्हात लटकलेली असेल तर विचारू नका. ३० अंशांना पाण्यात मावणारा वायू ५ अंशांच्या निम्म्याहूनही कमी असतो. ताज्या तारखेची घ्या, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, काचेच्या पेल्यात ओता. मग लेबलवर साखर कोणती आणि किती ते वाचा, आणि त्यानंतरही फरक वाटला तर तो बारा वर्षांच्या जिभेचा आहे.

आमच्या होमस्टेच्या जुन्या चिऱ्याच्या भिंतीवर थंड पेयाची रंगवलेली जाहिरात पुसट दिसते. ती पुन्हा रंगवून घ्यावी, शेजारी कॅम्पाचं जुनं चिन्ह काढावं आणि तेच टी-शर्टवर छापून पाहुण्यांना विकावं, असं मुलगा म्हणतो.
*वाचक, हर्णै*

टी-शर्ट राहू द्या. व्यापारचिन्हाची नोंदणी दहा वर्षांची असते, पण ती पुन्हापुन्हा वाढवता येते. कॅम्पा हे चिन्ह आज रिलायन्सकडे आहे आणि बाजारात चालू आहे, म्हणजे बेवारस मुळीच नाही. अस्सल जुनी पाटी भिंतीला टांगलीत तर कोणी काही म्हणणार नाही. चिन्ह छापून माल विकणं ही वेगळी गोष्ट आहे. चित्रावरचा कॉपीराइटही वेगळा, चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. मुलाला टी-शर्टच करायचे असतील तर होमस्टेच्या नावाचे, त्याच जुन्या वळणाच्या नव्या अक्षरांत करू द्या.

भिंतीची जाहिरात पुन्हा रंगवू नका. रंगवल्यावर ती तुमची नवी पाटी होईल, जुनी खाली मरेल. चुन्याच्या गिलाव्यावरचा तेलरंग का टिकलाय, तर चिरा आणि चुना दोन्ही श्वास घेतात. पायातून चढलेली ओल बाहेर पडते. वर पारदर्शक वार्निश मारलंत किंवा भोवती सिमेंटचा गिलावा केलात, तर ती ओल रंगामागे अडकते आणि दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. आजूबाजूची दुरुस्ती चुन्यानेच करून घ्या. धूळ कोरड्या मऊ ब्रशने झटका, पाण्याचा फवारा नको.

त्याआधी फोटो. सकाळी सावलीत, कॅमेरा भिंतीला काटकोनात, चौकटीत एक मीटरपट्टी धरून, जाहिरात मोठी असेल तर एकमेकांवर तिसरा हिस्सा चढणारे तुकडे घ्या. पुसट अक्षरं उजेड बाजूने तिरका पडला की जास्त वाचता येतात, म्हणून एक संच बॅटरीच्या तिरक्या झोतात रात्रीही काढा. मग वळचणीचं पाणी बघा. बहुतेक भिंती पावसाने भिजत नाहीत, पागोळ्यांचे थेंब जमिनीवर आपटून उडतात त्याने भिजतात. पागोळीखाली फूटभर रुंद खडी पसरा, म्हणजे शिंतोडे कमी होतील, आणि जून लागायच्या आत नारळाच्या झावळ्यांची झापं भिंतीपासून चार बोटं लांब बांधा. भिंतीला टेकवली तर मधे हवा खेळत नाही, आणि दसऱ्याला झापं काढाल तेव्हा अक्षरांवर शेवाळ असेल.